वर आणायचं माझ्यावर सोडा

"याला चावायचंय की याच्याशी बोलायचंय?" दिगंबरकाकांनी माइककडे बोट दाखवून विचारलं.

काचेच्या अलीकडून मी बटण दाबलं आणि म्हणालो, "एक वीत अंतर ठेवा काका. बाकी नेहमीसारखं बोला."

"नेहमीसारखं?" ते हसले आणि हसता हसता खोकले. "चाळीस वर्षं शेवटच्या रांगेशी बोलतोय मी. एका वितीवरच्या माणसाशी कधी बोललो नाही. कुमुदला विचार हवं तर. मी घरात मीठ मागितलं की शेजारचे आणून देतात."

दिगंबर मिरजे सांगलीचे. बँकेत कारकून होते, ती नोकरी संपली. नाट्यमंडळ मात्र संपलं नव्हतं. माइक न लावता सातशे माणसांचं नाट्यगृह भरून टाकणारा आवाज, अशी त्यांची ख्याती. दिग्दर्शक शार्दूलनं त्यांना तिथंच एका नाटकात पाहिलं आणि आपल्या पहिल्या सिनेमात घेतलं. सिनेमा कुस्तीचा. काका त्यात जुन्या पैलवानाचं काम करत होते, ज्यानं मुलाला घडवलं पण कधी चांगलं म्हटलं नाही. चित्रीकरण खऱ्या मैदानात, खऱ्या हलगीच्या कडकडाटात झालं होतं. तिथला आवाज वापरण्यासारखा नव्हता म्हणून सगळं बोलणं पुन्हा मुंबईत, आमच्या स्टुडिओत घ्यायचं होतं. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा, स्वतंत्रपणे मिक्सिंग करायला लागून जेमतेम वर्ष झालेलं.

पहिल्या दिवशी काकांचा आवाज चिरका येत होता. सर्दी आहे का, म्हणून मी विचारलं.

"सर्दी नाही. कॅन्सर आहे," ते म्हणाले. "मंगळवारी स्वरयंत्र काढतायत. डॉक्टर म्हणत होते, आत्ताच या. मी म्हटलं, डबिंग आहे. बाप मी आणि बोलणार दुसराच कुणी, हे नाही चालायचं."

त्या दिवशी शनिवार होता. मी शार्दूलकडे पाहिलं. त्याला माहीत होतं. त्यानं डोळ्यांनीच सांगितलं, काम चालू ठेव. मी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा प्रसंग आला. मुलगा कुस्ती हरलाय, मातीत मान खाली घालून बसलाय. जिंकलेल्याला खांद्यावर घेऊन लोक नाचतायत, हलगी कडाडतेय. गर्दीतून बाप येतो आणि मुलासमोर उकिडवा बसतो. कॅमेरा बापाच्या मागं आहे, दिसते ती फक्त पाठ. संहितेत तिथं एवढंच होतं, "चल, घरी जाऊ."

काकांनी शार्दूलला विचारलं, "पाठच आहे ना माझी? मग ओठ जुळायचा प्रश्न नाही. दोन वाक्यं जास्तीची बोलू का? बसतील तेवढ्या वेळात. मोजलंय मी."

"बोला की," शार्दूल म्हणाला.

काका बोलले. काय बोलले ते पुढं सांगतो. पण इतकं हळू बोलले की मीटरचा काटा नुसता थरथरला. दोन दिवसांत त्या माणसानं एकही शब्द असा उच्चारला नव्हता. चिरकेपणासुद्धा कुठं गेला कळलं नाही.

शार्दूल बटण दाबून म्हणाला, "काका, सुरेख. फक्त जरा मोठ्यानं. मागं हलगी असणार."

"मोठ्यानं बोललो तर त्या बोलण्यात राहिलं काय?" आतून उत्तर आलं.

शार्दूलनं माझ्याकडं पाहिलं. त्याच्यासमोर शहाणपणा दाखवायची ही संधी होती, खोटं कशाला बोलू. मी पुढं वाकून बटण दाबलं.

"काका, तुम्ही हळूच बोला. वर आणायचं माझ्यावर सोडा."

त्यांनी काचेतून हात जोडले. आणखी एकदा तसंच बोलले, आणि तो टेक आम्ही ठेवला.

निघताना जिन्यात त्यांनी माझा दंड धरला. "सुहास, कुमुदला सांगून ठेवलंय, सिनेमात शेवटी एक बोलणं तुझ्यासाठी घातलंय. काय ते नाही सांगितलं. म्हटलं, थेटरात ऐक. पस्तीस वर्षं माझा आरडाओरडा ऐकलाय तिनं." मग जिना उतरले. त्यांचा आवाज प्रत्यक्ष ऐकला तो तेवढाच.

मिक्सिंग महिन्याभरानं झालं. काका तोवर घरी आले होते, गळ्यावर भोक आणि त्यावर मलमलीचं फडकं, असं शार्दूलनं सांगितलं.

शेवटच्या प्रसंगाला आम्ही पोचलो तेव्हा प्रदर्शनाला अकरा दिवस होते. मी हलगी खाली घेतली आणि काकांचं बोलणं वर आणलं.

"हे काय?" शार्दूल म्हणाला. "बाप मैदानात आहे की रेडिओवर?"

त्याचं अगदी चूक नव्हतं. हळू बोललेलं फार वर ओढलं की माणूस कानात येऊन बसतो. मी थोडं खाली घेतलं. "मग हलगी अजून उतरवू या," मी म्हणालो.

"हलगीला हात लावायचा नाही. ती छातीत वाजली पाहिजे. लोक पैसे तिचेच देणार आहेत."

"काकांचं बोलणं जाईल, शार्दूल."

"मला तर ऐकू येतंय. तुला नाही येत?"

मला येत होतं. शब्द न् शब्द येत होता. मला शिकवणारे फर्नांडिससर यावरून आम्हा पोरांना शिव्या घालायचे. म्हणायचे, शंभर वेळा ऐकलेलं वाक्य तुम्ही कानानं ऐकतच नाही, पाठांतरानं ऐकता. म्हणून शेवटच्या दिवशी एक कोरा माणूस आणून मागच्या खुर्चीत बसवायचा आणि काय ऐकलंस ते विचारायचं. स्टुडिओतलं कुणी चालेल, पण सिनेमाची गोष्टही ज्याला ठाऊक नाही असं. सर निवृत्त झाले तरी मी त्यांचा हा नेम पाळत होतो.

मी कॅंटीनच्या शेवंताबाईंना बोलावलं. त्या पदराला हात पुसत आल्या, मागच्या खुर्चीत अंग चोरून बसल्या. आम्ही शेवटची दहा मिनिटं दाखवली. दिवे लागले तर बाईंच्या डोळ्यांत पाणी.

"म्हातारा लई चांगला हाय," त्या म्हणाल्या.

"काय म्हणाला तो पोराला?" मी विचारलं.

बाई गोंधळल्या. "म्हनला की कायतरी. समजूत घातली त्यानं पोराची. बापच त्यो, दुसरं काय म्हननार?"

"शब्द कुठले ऐकू आले?"

"आता त्या हलगीत शब्द कुठले ऐकू येत्यात वो? माजं कान अजून वाजत्यात."

शार्दूल टाळी वाजवून हसला. "बघ! शब्द नाही आला, पण भाव पोचला. बाई रडल्या. अजून काय पाहिजे?" मग माझ्या खुर्चीची पाठ थोपटत म्हणाला, "हे लॉक कर. आणि ऐक, पुढचे दोन्ही सिनेमे तुझ्याकडेच करतोय मी." त्याचा फोन वाजला आणि तो बाहेर गेला.

शेवंताबाईही गेल्या. मी एकटाच होतो. काकांचा आवाज चढवा-उतरवायची दांडी माझ्या बोटाखाली होती. हलगीची शेजारीच. एक नखभर वर, दुसरी नखभर खाली, बस्स. शार्दूलला कळलंही नसतं, तोही माझ्यासारखाच पाठांतरानं ऐकत होता. चार-पाच मिनिटं तो बाहेर होता. मी बोट काढून घेतलं आणि लॉक केलं. भीती वाटली म्हणून नाही. पुढचे दोन सिनेमे डोळ्यांसमोर होते, आणि बाई रडल्या होत्याच की, असं मी स्वतःला समजावलं.

सिनेमा लागला त्या शुक्रवारी सांगलीहून फोन आला.

"सुहास का? मी कुमुद मिरजे. यांनी पाटीवर तुझं नाव लिहून दिलंय. रविवारी तीनच्या खेळाला नाट्यमंडळाची सगळी जाणार आहेत, दोन रांगा घेतल्यात. तू ये म्हणतायत. म्हणजे, लिहितायत."

नाही म्हणायला काही कारण सापडलं नाही. रविवारी सकाळी सांगलीत उतरलो.

काका थिएटरच्या पायऱ्यांवर उभे होते, इस्त्रीचा झब्बा, गळ्यात मलमलीचं फडकं. अर्धे झाले होते. हातात लहान मुलांची ती पाटी, वरचा कागद ओढला की पुसून जाणारी. मला बघून त्यांनी खर्रकन लिहिलं, 'आलास लेका!' आणि पुसून परत लिहिलं, 'ही हिरवी साडी बघ. खास.'

"पुरे हो," काकू लाजल्या. लहान चणीच्या, कान झाकेल असा सैल अंबाडा. मी वाकून नमस्कार केला.

आत आम्ही तिघं शेजारी बसलो, काकू मध्ये. सिनेमा सुरू झाला आणि दहा मिनिटांत माझ्या लक्षात आलं की आवाज खूपच खाली आहे. हलगी बेताची वाजत होती आणि माणसं नुसती ओठ हलवत होती. मला अर्थात सगळं ऐकू येत होतं.

मध्यंतरात काकू म्हणाल्या, "काम छान केलंय हो यांनी. पण अरे, वाजतंय ते मोठं आणि बोलतात ते लहान, असं कसं? आमचाच कान गेला की काय?"

"तुमचा नाही, काकू."

"शेवटी नीट येईल ना रे? माझ्यासाठीचं?"

"येईल," मी म्हणालो आणि प्रोजेक्टरच्या केबिनकडे धावलो.

तिथले ऑपरेटर बशीरभाई चहा पीत होते. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी कप खाली ठेवला.

"मंजे हे तुमीच केलंय व्हय? बरं झालं भेटला. शुक्रवारी आवाज सातवर लावला, जसा नियम हाय तसा. बायका उटून भायेर गेल्या. ल्हान पोरं रडाय लागली. म्यानेजर बोंबलला, आवाज उतर म्हनून. तवापासनं चारवर हाय."

"शेवटची दहा मिनिटं सातवर घ्या. एवढंच करा माझ्यासाठी."

"घेतो की. पन उपेग न्हाई व्हायचा, सायेब." ते शांतपणे म्हणाले. "बोलनं सातवर ग्येलं की हलगीबी सातवरच जानार. तुमी आदीच दोगांना एका दाव्याला बांदून धाडलंय. आता हितनं मी काय सोडवनार?"

माझं काम मला इतक्या सोप्या शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं. "तरी घ्या," मी म्हणालो.

बशीरभाई शब्दाला जागले. शेवटची कुस्ती सुरू झाली आणि आवाज चढला. पायाखालची फरशी थरथरू लागली. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी कानांत बोटं घातली. मुलगा हरला, हलगी सुटली, गर्दीतून काकांची पाठ पुढं आली आणि उकिडवी बसली.

काकूंनी अंबाड्याखालचे केस कानामागं सारले आणि पुढं वाकल्या. काका पडद्याकडे बघतच नव्हते. ते काकूंकडे बघत होते.

काकांचं बोलणं आलं आणि गेलं. मला शब्द न् शब्द ऐकू आला. काकू तशाच वाकून बसल्या होत्या, अजून यायचंय अशा. मग पडद्यावर नावं आली. त्यात माझंही नाव गेलं, ध्वनिमिश्रण म्हणून. दिवे लागले.

काकूंनी माझ्याकडं वळून विचारलं, "झालं?"

मी मान डोलावली. मला वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटत नव्हतं. कानात एक शिट्टी वाजत होती.

बाहेर नाट्यमंडळानं काकांना गराडा घातला. "दिग्या, पाठीनं काम केलंस की रे!" कुणीतरी म्हणालं, "शेवटी पोराला काय सांगितलंस? हलगीत काय कळलं नाही." काका हसत होते, पाठी थोपटून घेत होते. पाटीला त्यांनी हात लावला नाही.

सगळे पांगले. सायकलस्टँडपाशी आम्ही तिघंच उरलो. आत पुढचा खेळ सुरू होत होता, भिंतीतून हलगी ऐकू येत होती. रिक्षा, हॉर्न, शेंगदाणेवाला.

"काकू, चूक माझी आहे," मी म्हणालो. "काकांना मी शब्द दिला होता. ते बोलणं वर आणणं माझ्या हातात होतं, मी नाही आणलं."

काकूंनी माझं ऐकलं की नाही कोण जाणे. त्या काकांना म्हणाल्या, "अहो, मग आता लिहून तरी दाखवा."

काकांनी जोरात मान हलवली. पाटीवर लिहिलं, 'लिहायचं नव्हतं ते. ऐकायचं होतं.' कागद ओढून पुसलं. पुन्हा काहीतरी लिहिलं. मग पाटी माझ्याकडे वळवली. तिच्यावर होतं, 'तू म्हण. पाठ आहे ना?'

"मी? इथं?"

त्यांनी काकूंना खांद्याला धरून स्वतःसमोर उभं केलं. मला आपल्या शेजारी ओढलं. मग माझ्याकडं बघून बोट वर केलं. डबिंगला आम्ही त्यांना करायचो तशी खूण. बोट खाली आलं आणि त्यांचे ओठ हलायला लागले.

ते ओठ मी त्या शब्दांवर पहिल्यांदाच बघत होतो. पडद्यावर पाठ होती, स्टुडिओत माइकची जाळी. मी बोलायला लागलो. रिक्षांच्या गोंगाटात ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोललो. काका थांबले. पालथा पंजा हळूहळू खाली नेला. हळू. आणि पुन्हा बोट वर केलं.

दुसऱ्या टेकला मी त्यांच्या ओठांवर नजर ठेवली आणि त्यांच्याइतक्याच हळू म्हणालो,

"इतकी वर्षं तुझ्याशी नुसता वरच्या पट्टीत बोललो. हळू बोलायचं राहूनच गेलं. आता बोलतोय. दमलीस ना? चल, घरी जाऊ."

सिनेमात 'दमलास' होतं. काकांचे ओठ 'दमलीस' म्हणाले, म्हणून मीही तेच म्हणालो.

काकू पाहत होत्या काकांकडे आणि कान होता माझ्याकडे. मग त्यांनी पदरानं काकांच्या हनुवटीखालचं फडकं सारखं केलं.

"घरी जाऊ म्हणालात ना? मग चला," त्या म्हणाल्या. "रिक्षा बघ रे सुहास."

मी रिक्षा आणली. ते गेले. मी एसटी स्टँडवर बसून गाडीची वाट बघितली. रडू आलं नाही.

सोमवारी स्टुडिओत जाऊन पहिलं काम केलं ते काकांचा हलगीशिवायचा कोरा टेक शोधण्याचं. निर्मात्यानं डिस्क नेली होती. फोन केला तर कळलं, ती पुसून दुसऱ्या सिनेमाच्या चित्रीकरणाला पाठवलीसुद्धा. आता ते बोलणं फक्त हलगीखाली होतं, तिथून ते कुणाला काढता येणार नव्हतं. शार्दूलचे पुढचे दोन्ही सिनेमे मी केले. चांगले चालले.

काका पुढच्या श्रावणात गेले. महिन्याभरानं काकूंचा फोन आला, यांचा तो आवाज कुठं मिळेल का म्हणून. मिळणार नाही, असं मी सांगितलं.

"तुझ्या लक्षात आहे ना?"

"आहे."

"मग म्हण."

मी म्हणालो. तेव्हापासून दर वर्षी काकांच्या तिथीला, पान वाढून झालं की, काकूंचा फोन येतो. मी जिथं असेन तिथून उठून बाजूला जातो आणि म्हणतो. हळू. त्या "हं" म्हणतात, तब्येत विचारतात आणि ठेवतात. तेरा वर्षं हे असंच चाललं.

गेल्या वर्षी फोन आला तेव्हा मी मिक्सिंगला बसलो होतो. बाहेर जिन्यात आलो. त्याच जिन्यात. नेहमीसारखं म्हणालो.

"काय?" काकू म्हणाल्या.

मी परत म्हणालो.

"नाही रे ऐकू येत. मशीन लावलंय कानाला, पण ते नुसतं शिट्ट्या मारतं. मोठ्यानं म्हण."

मला तो पालथा पंजा आठवला. मोठ्यानं बोललो तर त्यात राहिलं काय, तेही आठवलं. फोन हातात धरून मी उभा राहिलो.

"सुहास? आहेस ना रे?"

वर आणायचं काम माझं होतं. मी छाती भरून घेतली आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा ओरडलो. इतकी वर्षं तुझ्याशी नुसता वरच्या पट्टीत बोललो. हळू बोलायचं राहूनच गेलं. आता बोलतोय. दमलीस ना? चल, घरी जाऊ. वरच्या मजल्यावरची दारं उघडली, कॅंटीनमधून दोघं-तिघं बाहेर आले आणि माझ्याकडं बघत राहिले.

"हां," काकू म्हणाल्या. "आता आलं." मग म्हणाल्या, "जेवलास का?"